मांडावर वाचलेली बातमी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. एकदा ते छापून आलं, तेवढं पुरे झालं. गुंदहून दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवर ते होतं, एवढं सांगतो. 'होतं' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

माझं दुकान गुंदला. आम्ही मूळचे खानापूरकडचे. भावाभावांत जमीन वाटली तेव्हा माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यात म्हैससुद्धा नीट उभी राहिली नसती, म्हणून लग्नानंतर बायकोला घेऊन मी सुपा भागात आलो आणि दुकान थाटलं. मीठ, तंबाखू, सुकी मासळी, घासलेट, दोनचार लुगडी. डोंगरातली माणसं नाचणी घेऊन येत आणि मीठ-मासळी घेऊन जात. लिहिता-वाचता येणारा त्या बाजूला मी जवळजवळ एकटाच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हतो.

बेळगावचं एक साप्ताहिक लोंढ्याहून येणाऱ्या गाडीवानाबरोबर मला मिळायचं. ते पोचेपर्यंत शिळं झालेलं असे, पण आमच्याकडे सगळंच उशिरा येई, त्यामुळे कुणाला वास येत नसे. बाजारच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून ते मोठ्यानं वाचायचो. वाचायचो म्हणजे काय, छापलेली पुस्तकी भाषा बाजूला सारून आमच्या बोलीत सांगायचो, आणि सांगताना थोडं तिखटमीठ लावायचो. दुकानात दोन्ही होतं. युरोपातल्या लढाईच्या वेळी तर मी तोफांचे आवाजसुद्धा काढले होते. लोक हसायचे, जास्त वेळ बसायचे आणि जाताना तंबाखू घेऊन जायचे. माझी जीभ तेव्हापासून सैल सुटली.

त्या दिग्गीच्या वाटेवरच्या गावचा बुधवंत, म्हणजे गावाचा मुखत्यार म्हातारा, माझ्या पायरीवरचा नेहमीचा माणूस. सगळे त्याला आज्जा म्हणत. बोलणं कमी, आणि तेही तंबाखू मळून झाल्याशिवाय नाही. त्याच्या गावामागे एक उतार होता. त्या उतारावर ते लोक पिढ्यान् पिढ्या कुमरी करत आले होते. थंडीत झुडपं कापायची, वाळली की उन्हाळ्यात जाळायची आणि पाऊस लागला की त्या राखेत नाचणी पेरायची. खाली ओढ्याकाठी भाताच्या चारदोन दळ्या, म्हणजे लहान खाचरं, होती, पण भात सणाला. वर्षभर पोटात जायची ती त्या उतारावरची नाचणी.

जंगलखात्यानं कुमरी बंद केली. बंद, थोडी उघड, पुन्हा बंद, असं बरीच वर्षं चाललं होतं. त्या वर्षी मात्र हुकूम कडक आला. कापलं तर धरून नेऊ, पाला आणायचा तर पास काढा.

आज्जा माझ्या पायरीवर बसून करवादला होता. "पास मागून खाण्यापरास डोंगरातले कंद खाल्ल्याले बरे." एवढंच. मग त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हशीच्या दुखऱ्या खुराची गोष्ट काढली.

आमचा रेंजर धारवाडकडचा होता. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. वरच्या साहेबाला भ्यायचा आणि उपाशी माणसांनाही भ्यायचा, म्हणून दोघांच्या मधली वाट शोधत असायचा. मार्गशीर्षात तो स्वतः आज्जाच्या ओसरीवर जाऊन बसला, आणि तिथं काय ठरलं ते आज्जानं मला विश्वासानं सांगितलं. रेंजर म्हणाला होता, "नोडरी, बघा आज्जा, मोठं झाड तोडू नका. नुसती झुडपं कापा. मी वर कळवतो की वणवा अडवायला पट्टा साफ केला. यंदा पेरून घ्या, पुढच्या वर्षी बघू. पण बोभाटा नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही. त्या मुठीत गावाची वर्षाची नाचणी होती.

त्याच सुमारास बेळगावचा एक तरुण कार्यकर्ता आमच्या भागात आला. खादीचा सदरा, पायांना फोड, आणि डोळ्यांत सगळ्या जगाचं दुःख. मी त्याची आज टिंगल करतो आहे, पण तो खरा माणूस होता. तो ठिकठिकाणी चालत जाऊन जंगलाच्या जाचाची हकीकत गोळा करून साप्ताहिकाला पाठवत होता. बायकोनं त्याला गूळपाणी दिलं आणि तो माझ्या पायरीवर टेकला. ज्या पेपरची मी वाट बघायचो त्या पेपरात लिहिणारा माणूस माझ्या दारात! मला काय करू आणि काय नको असं झालं.

मी त्याला आज्जाचं बोलणं सांगितलं. मग मला वाटलं, एवढंसं वाक्य ऐकून हा उठून जाईल. म्हणून म्हणालो, "साधं नाही म्हणाला. देवाच्या पाषाणावर हात ठेवून म्हणाला. सगळ्या गावानं शपथ घेतली." हे मी कुठून आणलं ते मलाही माहीत नाही. तोफांचे आवाज जिथून आणले होते तिथूनच आणलं असेल. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून मी आणखी दोन वाक्यं घातली. रेंजरच्या कबुलीबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि त्या शहाणपणाचं पुढे बरेच दिवस मला कौतुक वाटत होतं.

पौषात अंक आला. पहिल्या पानावर गावाचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत की या गावानं देवासमोर शपथ वाहिली आहे: पास मागणार नाही, सरकारशी बोलणी करणार नाही, कंद खाऊन राहू. 'बोलणी करणार नाही' हे माझंसुद्धा नव्हतं. ते त्या तरुणाच्या लेखणीतून आपोआप वाढलं होतं. सोबत त्याचा निरोप होता की ही बातमी साऱ्या गावाला वाचून दाखवा.

दुकानाच्या पायरीवर वाचली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण साऱ्या गावाला म्हटल्यावर मला मोठा जमाव दिसू लागला. मी अंक काखेत मारून आणि विकायच्या चार जिनसांची पिशवी घेऊन त्यांच्या गावी गेलो आणि माणसं मांडावर जमली.

मांड म्हणजे देवळापुढची शेणानं सारवलेली मोकळी जागा. शिमग्याचा खेळ तिथं मांडायचा आणि गावाचा निवाडाही तिथंच व्हायचा. पायातलं काढल्याशिवाय तिथं कुणी पाय ठेवत नसे. मांडावर जे बोललं जाईल ते देवानं ऐकलं, मग बोलणारा कुणीही असो. ते बोलणं गावाचं झालं. परत घ्यायचं तर ज्याच्या तोंडातून ते पहिल्यांदा निघालं त्यानं साऱ्या गावासमोर नारळ ठेवून परत घ्यायचं. दुसऱ्या कुणाला ते करता येत नाही. हा नियम मला माहीत होता. मीही तिथं चपला काढूनच उभा होतो. पण मी काही बोलत नव्हतो ना, वाचत होतो! शहाण्याच्या डोक्यात असे फरक असतात. त्या माणसांच्या लेखी तोंड उघडलं, आवाज निघाला, देवाच्या कानावर गेला.

आणि मी वाचलं छान. नको ती ओळ गाळणं मला रोजचं होतं, पण शपथेची ओळ मी गाळली नाही. ती माझी होती ना.

वाचून झाल्यावर टाळ्या नाहीत, हसणं नाही. मग आज्जा म्हणाला, "फिरून वाच." मी फिरून वाचलं.

"मी कंदाचं बोललो हुतो," तो म्हणाला. "देवाचं न्हाई बोललो. पर आता मांडावर आलं." त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. "हे पैलं कुणाच्या तोंडातनं निघालं?"

इथं मला बोलता आलं असतं. माझ्याच पिशवीत विकायचे नारळ होते. एक नारळ ठेवायचा, एक वाक्य बोलायचं, आणि खोटारडा म्हणून घरी जायचं. दोनचार महिने पायरीवर कुणी बसलं नसतं. पण घटकेपूर्वी हीच माणसं माझ्याकडे देवाकडून निरोप घेऊन आल्यासारखी बघत होती, आणि ते बघणं मला सोडवेना. मी म्हणालो, "पेपरवाल्यांनीच लिवलं असंल, आज्जा."

"मग पेपर नारळ घेऊन येतोय काय?" आज्जानं विचारलं. कुणी हसलं नाही. तो चेष्टा करत नव्हता. खरंच विचारत होता.

आठवड्याभरात रेंजर माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या ओठांना कोरड पडली होती. वरच्या साहेबानं बातमीचं इंग्रजी करवून घेतलं होतं. तुझ्या हद्दीत गाव शपथा घेतं आणि तू काय करतोस, अशी विचारणा झाली होती. तो मला घेऊन आज्जाकडे गेला. कार्यकर्ताही येऊन पोचला होता आणि ओसरीच्या कडेला उभा होता.

"आज्जा, अजून करता येईल," रेंजर हात जोडून म्हणाला. "एक शब्द सांगा. बातमी खोटी हाय म्हणा. मी वर कळवतो, पट्ट्याचं जमवतो."

"खोटी कशी म्हणू? मांडावर झालीया."

"पण तुम्ही शपथ घेतली नव्हती नव्हं?"

"तवा न्हवती घेतली. आता हाय."

रेंजरनं कपाळावर हात मारला. कार्यकर्त्याला मात्र या बोलण्यानं कुठंतरी खटकलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "शपथ झाली होती ना? मी तुमच्या भरवशावर लिहिलं." मी त्याच्या नजरेला नजर न देता म्हणालो, "गावालाच विचारा." त्यानं जाऊन विचारलं. गाव म्हणालं, व्हय, मांडावर शपथ हाय. त्याचं समाधान झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. बातमी छापली तेव्हा ती खोटी होती. पडताळायला गेला तोवर ती खरी झाली होती. आता ती खोटी आहे असं म्हणू शकणारा एकच माणूस जगात होता आणि तो कुंपणाला टेकून आपल्या नखातली माती काढत होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्या दिशी म्या आत हुतो. पाषाण आन् शपथ तुमी घातलासा." खानापूरची बाई, बोलायला भिडस्त नव्हती. "जावा आन् नारळ ठिवून या."

मी तिला म्हणालो की आता गोष्ट आपल्या गावापुरती राहिलेली नाही, सगळा जिल्हा बघतो आहे, एका माणसानं कच खाल्ली तर चळवळीचं नाक कापलं जाईल. हे शब्द मी साप्ताहिकातूनच उचलले होते. ती म्हणाली, "चळवळीचं न्हवं, तुमचं नाक," आणि चुलीकडे वळली.

पुढचं पेपरात सविस्तर आलं होतं. माघात गावानं उघडपणे, झेंडा लावून, गाणी म्हणत उतार कापला. बाहेरगावची माणसं आली. मीही दोन हात मारले, कोयता धरता येत नसताना. पोलीस आले. आज्जाला आणि घराघरांतल्या कर्त्या पुरुषांना धरून कारवारला नेलं. उतारावर पहारा बसला. कापलेली झुडपं वाळून कोरडीठाक झाली, पण काडी लावता येईना. त्या वर्षी शिमग्याचा खेळ मांडला नाही. पाऊस लागला आणि न जाळलेल्या झुडपांमधून नवी पालवी वर आली. बियाण्याची नाचणी बायकांनी दळून खाल्ली.

मग आज्जाची सून माझ्या दुकानात आली. मला ती अण्णा म्हणायची. दर वर्षी डोक्यावर नाचणीची बुट्टी घेऊन येणारी बाई रिकामी बुट्टी काखेला लावून आली होती. "अण्णा, नाचणी हाय काय?" हे वाक्य त्या गावच्या कुणी माझ्या दुकानात कधी उच्चारलं नव्हतं. मी बुट्टी शिगोशीग भरली आणि वर मासळी बांधून दिली. ती म्हणाली, "तुमी लई भले." त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि बायकोनं आग्रह केला नाही.

आता चळवळीची बाजू सांगितली नाही तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल. त्या शपथेची बातमी गावोगाव गेली. जिथं लोक रेंजरसमोर मान वर करत नव्हते तिथंही माणसं एकत्र आली. वर्षा-दोन वर्षांत पाल्याचा पास सैल झाला, चराईचा जाच कमी झाला. हे सगळं त्या बातमीनं झालं, असं कार्यकर्ता म्हणायचा, आणि मलाही तसंच वाटतं. मी हे मनाशी किती वेळा घोळवलं आहे! दहा गावांचं भलं झालं तर एका गावाचं... पण वाक्य तिथंच अडतं. त्या एका गावाला आपलं काय पणाला लागतंय ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ठरवून त्याग केला असता तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्यांनी ठरवलं होतं ते झुडपं कापायचं, गुपचूप नाचणी पेरायची आणि पुढच्या वर्षी बघायचं. त्यांची ती लहानशी वाट मी बंद केली.

सुप्याला सभा झाली. तिथं माझा सत्कार झाला, लोकांचा आवाज म्हणून. मी नको म्हणालो असं सांगायला मला आवडलं असतं. हार गळ्यात घेऊन घरी आलो, बायकोनं तो काढला आणि म्हशीपुढे टाकला. म्हशीनं तो सुतासकट खाल्ला.

आज्जा दिवाळीच्या सुमारास सुटला. खोकला घेऊन आला. उतारावर तोवर सागाची रोपं लावण्यासाठी खड्डे काढले होते. तो माझ्या पायरीवर एकदाच आला. मी पेपर काढला तसा म्हणाला, "वाचू नगंस. बस नुसता." आम्ही बसलो. त्यानं तंबाखू मळली, बराच वेळ मळली. माझ्याकडे त्यानं दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा मी तराजूची दोरी सरळ करत होतो. त्याला ठाऊक होतं असं मला आज वाटतं. तेव्हाही वाटलं होतं. पुढच्या पावसात तो गेला.

घरं एकेक करून रिकामी झाली. काही लाकडाच्या वखारीवर गेली, काही घाट उतरून गोव्याकडे. साग उंच वाढला. माझी बायकोही एका तापात गेली, आणि जातानाही त्या विषयावर काही बोलली नाही, जे मला जास्त लागलं.

बरीच वर्षं गेल्यावर एक नवा पेपरवाला दुकानात आला. जुन्या चळवळीवर त्यांना अंक काढायचा होता. त्याला शपथेची हकीकत हवी होती, आणि ती सांगायला मीच उरलो होतो. मी सांगायला लागलो. गोष्ट तोंडात इतकी घोळलेली होती की अडखळायचं कारण नव्हतं. सांगता सांगता मी म्हणून गेलो, "आणि त्या वेळी देवळातली घंटा आपोआप वाजली."

त्या देवळात घंटाच नव्हती.

मी उठलो. पेपरवाला पेन्सिल धरून बघत राहिला. मी फडताळातला नारळ घेतला आणि त्याला दुकानात तसाच बसवून वाटेला लागलो. पायांत पूर्वीचं बळ नव्हतं, आणि वाटही सागवानाखालून कुठल्या कुठे गेली होती. ऊन कलायच्या आत पोचलो.

एकच घर उभं होतं, आज्जाच्या सुनेचं. तीही आता म्हातारी झाली होती. तिची मुलं वखारीवर, ती मात्र हलली नव्हती. मांड कुठं होता ते तिनं हातानं दाखवलं. गवत वाढलं होतं. मी चपला काढल्या, गवत पायानं बाजूला केलं आणि नारळ ठेवला. मग इतकी वर्षं न बोललेलं सगळं एका दमात बोललो: आज्जानं देवाचं नाव घेतलं नव्हतं, गावानं शपथ घेतली नव्हती, ते माझ्या तोंडातून निघालं, ते माझं आहे, मी परत घेतो.

ती खांबाला टेकून ऐकत होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "गावाम्होरं बोलायचं असतंय न्हवं? गाव कुठं हाय?"

मी आजूबाजूला बघितलं. सगळीकडे सागच होता.

"उचला त्यो नारळ," ती म्हणाली. "आन् या वर. लांबनं आलासा."

ओसरीवर तिनं मला आंबील दिली. मी वाडगा तोंडाला लावला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नाचणी कुठली.

"तुमच्याच दुकानातली," ती म्हणाली.